संघटना मोडली की काय होते

16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत होते. कोल्हापुरातल्या सागरमाळ परिसरात मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. उमाताई जखमी होऊन वाचल्या, पानसरे 20 फेब्रुवारीला मुंबईत गेले. पुण्यात दाभोलकर, धारवाडात कलबुर्गी, बंगळूरमध्ये गौरी लंकेश अशा ओळीत हा खून मांडला जातो आणि विचारांवरचा हल्ला म्हणून त्याची चर्चा होते. ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणाऱ्या माणसाबाबत हे खरेच आहे. पण शहराला खेटून असलेल्या उचगावसारख्या गावातून पाहिले, तर या खुनाची दुसरी बाजू दिसते. तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. पानसरे हे घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले आणि इतर असंघटित कामगारांचे पुढारी होते. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मात्र अशा माणसाचा खून झाला की नुकसान नेमके कुणाचे होते, हे समजायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

उचगावच्या एका हाताला गांधीनगरची कापडपेठ आहे आणि शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती जवळच आहेत. तिथल्या फौंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा कामगार पुष्कळदा कंत्राटदाराचा माणूस असतो. किमान वेतन मिळाले नाही म्हणून तो तक्रारीला निघाला, की पहिलाच प्रश्न येतो : तू इथे कामाला होतास याचा पुरावा काय? हजेरीपत्रक कंत्राटदाराकडे, पगार रोखीने, वेतनचिठ्ठी कधी मिळालेलीच नाही. एकट्याने भांडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवले जाते. युनियन इथे उपयोगी पडते. मागणीपत्र, कामगार अधिकाऱ्यापुढची तारीख, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, चाळीस जणांच्या सह्या असे तिचे काम असते. ते कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही. पण रागाला कागदावर आणि चर्चेच्या टेबलावर आणण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की राजकीय हिंसेला खरा अटकाव याच कामाने होतो. ते करणारी माणसे संपली की हिंसेला मोकळे रान मिळते.

मुंबईने हे आधीच भोगले आहे. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून 1970 मध्ये खून झाला आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. गिरणगावातल्या लाल बावट्याची पकड आधीच सैल होत होती. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगार त्यांच्या मागे होते, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. सनदशीर दार असे बंद राहिले, संप चिघळत गेला आणि मोडला. त्यानंतरच्या दशकात त्याच चाळींतल्या बेकार पोरांना टोळ्यांनी जवळ केले. 16 जानेवारी 1997 ला पवईत सामंतही सुपारी घेतलेल्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

यावर आक्षेप येतो की डाव्यांनीच कुठे हिंसा टाळली? तो झटकून टाकण्यासारखा नाही. 1 मे 2019 रोजी, ऐन कामगार दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग स्फोटात 15 जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार केले. त्याचे कसलेही समर्थन होऊ शकत नाही, आणि त्याने कुठल्याही आदिवासी मजुराची मजुरी वाढली नाही. पण त्या बंदुकीचे आणि सह्या गोळा करणाऱ्या युनियनचे नाते विरोधाचे आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांना रोखण्याच्या नावाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यात हा फरक पुरेसा राखला गेला नाही, अशी भीती अनेकांनी मांडली. मला ती रास्त वाटते.

हा फरक समजून घ्यायला कोल्हापूरच्या टोलचेच पाहा. शहरातल्या रस्त्यांसाठी लादलेल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील, पानसरे आणि सर्वपक्षीय कृती समिती लढत होती. जानेवारी 2014 मध्ये संतापलेल्या जमावाने टोलनाके जाळले. त्या ज्वाळा साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या, म्हणून टोल आगीने गेला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यानंतरही न्यायालयातले झगडे, मोर्चे आणि बैठका चालूच राहिल्या. टोल रद्द झाल्याची घोषणा झाली ती डिसेंबर 2015 मध्ये. तोवर पानसरे जाऊन दहा महिने झाले होते. जाळपोळीने प्रश्न पेटता राहिला असे कुणी म्हणेल, आणि त्यात थोडे तथ्य आहे. पण दोन वर्षे सगळ्या पक्षांना एका समितीत धरून ठेवणे पेट्रोलच्या बाटलीला जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : संघटना खुनांनी मोडल्या नाहीत, कंत्राटी पद्धतीने आणि पुढाऱ्यांच्या आपसांतल्या भांडणांनी मोडल्या. हे बव्हंशी मान्य करावे लागते. लाल बावट्याखालचे गट एकमेकांशी जेवढे भांडले, तेवढे मालकांशीही भांडले नसतील. पण म्हणूनच उरलेल्या मोजक्या माणसांचे मोल जास्त होते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने प्रत्येक उद्योगात संपाआधी 14 दिवसांची नोटीस सक्तीची केली. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा केंद्रीय कायद्यात 100 कामगारांची होती, ती 300 वर नेली. शिरोली-गोकुळ शिरगावातल्या लहान फौंड्र्या या मर्यादेच्या खूप खाली येतात. नोटीस कशी लिहायची, ती कुणाला द्यायची, त्या 14 दिवसांत कुणाला कामावरून काढले तर दाद कुठे मागायची, हे सांगणारा माणूस उचगावच्या कामगाराला आज पूर्वीपेक्षा अधिक हवा आहे.