चाकांवरचे घर : डोंगराआडचे आंतरजाल
लेखांक सातवा

इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून, स्कॉटलंडच्या पश्चिम, उत्तर आणि पूर्व किनाऱ्यांना वळसा घालीत पुन्हा त्याच किल्ल्याशी येऊन मिळणारा सुमारे ८३० किलोमीटरांचा जो मार्ग २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने प्रसिद्धीस आला, त्या मार्गावर कॅम्परव्हॅन घेऊन जाण्याची हौस ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही असते. आणि भारतातून भेटीस गेलेल्या आप्तांनाही, गाडी साडेतीन टनांच्या आतली असेल व ती भाड्याने देणाऱ्याच्या अटी आड येत नसतील तर, आपल्या भारतीय परवान्यावर तेथे बारा महिन्यांपर्यंत वाहन हाकण्याची मुभा असते. गाडीतील शय्या, चूल, पाणी आणि सांडपाणी यांचा विचार आपण मागील लेखांकांत केला. आज आंतरजालाचा करावयाचा आहे. हा विषय चैनीचा मानण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. वादळाची पूर्वसूचना, मुक्कामाच्या जागेचे आरक्षण, बोटीची वेळ, बँकेचा ओटीपी आणि घरी काळजी करीत बसलेल्या माणसांशी दोन शब्द, ही सारी व्यवस्था आज त्याच एका अदृश्य धाग्यावर लोंबकळत असते.

प्रवासास निघणारा बहुतेक माणूस प्रथम एकच प्रश्न विचारतो : सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे? माझे स्पष्ट मत असे आहे की, हा प्रश्न तिसरा आहे. रेंज हा आधी त्या भूमीचा गुण आहे, मग ज्या गाडीत आपण बसलो आहोत त्या गाडीचा आणि सर्वांत शेवटी कंपनीचा. आणि या क्रमाने विचार न केल्यामुळेच माणसे महागड्या योजनांवर पैसा खर्च करूनही दरीत मुक्या फोनकडे पाहत बसतात.

तेव्हा प्रथम भूमीकडे पाहू. रेडिओलहरींचा स्वभाव असा की, त्यांची कंप्रता जितकी कमी, तितक्या त्या दूरवर जातात आणि डोंगराच्या कडेवरून किंचित वाकून पलीकडच्या उतारावरही थोड्याफार उतरतात; उलट कंप्रता जितकी अधिक, तितकी त्यांची माहिती वाहण्याची शक्ती मोठी, पण पोच आखूड. म्हणून शहरांतील वेगवान सेवा २६०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झवर चालते, आणि उत्तर स्कॉटलंडच्या दऱ्यांतून जी काही सेवा मिळते ती मुख्यतः ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर मिळते. येथे भारतातून फोन घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना आहे. ब्रिटनमध्ये वापरात असलेला हा ८०० चा पट्टा, ज्याला तंत्रज्ञ ‘बँड २०’ म्हणतात, भारतातील कंपन्या वापरीत नाहीत, आणि त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त फोनांत तो घातलेलाच नसतो. असा फोन लंडनमध्ये उत्तम चालतो आणि नेमका हायलँड्स या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, जेथे त्याची गरज सर्वांत जास्त, तेथे आंधळा होतो. निघण्यापूर्वी फोनच्या तपशिलात हा आकडा आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.

परंतु डोंगर हे अर्धेच कारण झाले. मनोरे माणसांसाठी उभारले जातात, आणि या मार्गावरचा सदरलँडचा मुलूख युरोपातील अत्यंत विरळ वस्तीच्या मुलखांपैकी एक आहे. ही विरळता निसर्गाने दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १८१४ आणि १८१९ या वर्षांत, तेथील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातील कुळांना जमीनदारांच्या कारभाऱ्यांनी घराबाहेर काढले, त्यांच्या घरांची छपरे पेटवून दिली आणि ती सुपीक खोरी मेंढरांच्या कळपांसाठी मोकळी केली. उठविलेली माणसे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यात येऊन वसली किंवा समुद्रापार गेली. आजही रेंजचा नकाशा पाहिला तर किनाऱ्यालगतच्या खेड्यांपाशी ती दिसते आणि आतल्या खोऱ्यांत विरत जाते. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अन्यायाची रेषा मोबाइलच्या नकाशातही उमटलेली आहे, हे पाहून माझे मन अस्वस्थ होते, आणि त्या निर्मनुष्य सौंदर्याची छायाचित्रे काढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने हे जाणून असावे असे मला वाटते.

ही उणीव भरून काढण्याची तजवीज सरकारने केली नाही असे नाही. मार्च २०२० मध्ये सरकार आणि त्या वेळच्या चारही मोबाइल कंपन्या (ईई, ओ-टू, व्होडाफोन व थ्री) यांच्यात ‘शेअर्ड रूरल नेटवर्क’ नावाचा करार झाला, आणि २०२५ अखेर ब्रिटनच्या ९५ टक्के भूभागावर किमान एका कंपनीची फोर-जी सेवा पोचावी असे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. या वाक्यातील ‘किमान एका’ हे शब्द प्रवाशाने नीट वाचावेत. ज्या खाडीकाठी एका कंपनीचे सिम सुरळीत चालते, तेथे दुसरीचे पूर्णपणे निपचित असू शकते. ईई या कंपनीकडे २०१५ पासून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्या संदेशवहनाचे कंत्राट असल्यामुळे तिने निर्जन भागांतही बरेच मनोरे उभारले आहेत, आणि उत्तरेकडे पहिले सिम तिच्या जाळ्यावरचे असावे, असा माझा सल्ला आहे. दुसरे सिम मात्र निश्चितपणे वेगळ्या जाळ्यावरचे घ्यावे. बाजारात डझनावारी नावे दिसतात, परंतु त्यांतील पुष्कळशी मोठ्या कंपन्यांची जाळी भाड्याने घेऊन चालतात. लायका ईईच्या जाळ्यावर, गिफगॅफ ओ-टूच्या आणि लेबारा व्होडाफोनच्या जाळ्यावर चालते; तेव्हा लायकाच्या जोडीला ईईचे सिम घेणाऱ्याने एकाच विहिरीत दोन पोहरे सोडले असे म्हणावे लागेल. व्होडाफोन आणि थ्री या कंपन्यांचेही २०२५ मध्ये विलीनीकरण झाले आहे. ऑफकॉम या नियामक संस्थेचा नकाशा घराबाहेरची आणि घराच्या आतली रेंज वेगवेगळी दाखवितो. कॅम्परव्हॅनवाल्याने नेहमी आतली पाहावी, कारण त्याचे घर लोखंडाचे आहे.

आणि येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. मालवाहू व्हॅनचे रूपांतर करून जी कॅम्परव्हॅन बनवितात, तिची चारही अंगे आणि छप्पर पोलादी पत्र्याचे असते. रेडिओलहरी पत्रा भेदून जात नाहीत, त्या खिडक्यांच्या काचांतून जेवढ्या शिरतील तेवढ्याच आत येतात. त्यातच पुष्कळ गाड्यांच्या भिंतींत थंडीच्या निवारणार्थ ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेला असतो. सायंकाळी मुक्कामाच्या जागी फोन चांगला चालत होता आणि रात्री अचानक मंदावला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे कारण पुष्कळदा असे असते की, झोपण्यापूर्वी समोरच्या काचेला जो चंदेरी थरांचा उष्णतारोधक पडदा लावला, त्याने लहरींचा उरलासुरला दरवाजाही बंद केला. पडदा एका कोपऱ्यातून दुमडून तेथे फोन ठेवावा आणि त्याचा हॉटस्पॉट सुरू करून बाकीची उपकरणे आतून जोडावीत. हा उपाय फुकटचा आहे, आणि दोन-चार रात्रींच्या प्रवासाला तो पुरेसा होतो.

ज्यांना महिनोन्महिने फिरावयाचे आहे किंवा गाडीत बसून नोकरी करावयाची आहे, त्यांनी मात्र छपरावर अँटेना बसवून घ्यावी आणि आत बारा व्होल्टवर चालणारा सिमचा राउटर ठेवावा. फोर-जीची रचना एकाच वेळी दोन प्रवाहांनी माहिती आणण्याची असल्यामुळे अशा अँटेनेतून दोन केबली निघतात आणि राउटरलाही दोन मुखे असतात. एकच जोडली तर अर्धे सामर्थ्य वाया जाते. याहून महत्त्वाची गोष्ट केबलच्या लांबीची. पातळ केबलीतून जाताना संकेत क्षीण होत जातो आणि उच्च कंप्रतेला ही गळती अधिक असते, म्हणून छपरावर अँटेना उत्तम बसविली आणि राउटर मात्र दुसऱ्या टोकाच्या कपाटात ठेवला, तर जे कमावले ते वाटेतच खर्च होते. राउटर अँटेनेच्या शक्य तितक्या निकट असावा. तेथून पुढे गाडीत वाय-फाय पोचविणे सोपे आहे.

संकेताची परीक्षा फोनवरच्या दांड्यांनी करू नये, कारण किती संकेताला किती दांड्या दाखवावयाच्या हे प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने ठरवितो. राउटरच्या पानावर डीबीएम या मापात एक ऋण आकडा दिसतो, तो खरा. ऋण ८० च्या आसपास उत्तम, ऋण ११० म्हणजे क्षीण, आणि ऋण १२० च्या खाली काही हाती लागण्याची आशा नसते. या मापातील प्रत्येक दहा अंक म्हणजे दसपट फरक. तेव्हा ऋण ८० आणि ऋण ११० यांच्यात सहस्रपटीचे अंतर आहे, आणि गाडी पंधरावीस पावले सरकवून किंवा तोंड फिरवून त्यातील दहा अंक जरी मिळाले तरी ती मोठी कमाई होय.

संकेत वाढविणारी यंत्रे, ज्यांना बूस्टर म्हणतात, त्यांच्याविषयी एकच सांगतो. सर्व कंपन्यांच्या लहरी सरसकट वाढवून पुन्हा आकाशात फेकणारी बाजारू यंत्रे मनोऱ्यांच्या कामात व्यत्यय आणतात, आणि ऑफकॉमने घालून दिलेल्या मर्यादेत न बसणारे यंत्र वापरणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. भारतातही विनापरवाना यंत्र लावणे बेकायदेशीर आहे. आपल्याला नेट मिळावे म्हणून शेजारच्या खेड्याचे फोन बिघडविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा एक मोह भूगोलाचा. घाटमाथ्यावर रेंज मिळते. याच मार्गावरील ॲपलक्रॉस गावाकडे जाणारा बेलाख ना बा हा घाट ६२६ मीटर उंचीवर चढतो, आणि अशा एकेरी रस्त्यांवर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी ठिकठिकाणी रुंद जागा केलेल्या असतात. नेमक्या अशा जागी फोन जिवंत झाला की, माणसे तेथेच गाडी उभी करून बोलत बसतात. हे सर्वथा अनुचित आहे. त्या जागा थांबण्यासाठी नाहीत. तेथून दुधाची गाडी, शाळेची बस आणि रुग्णवाहिका जावयाची असते. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी हिंडणाऱ्यास बहुतेक ठिकाणी तंबू ठोकण्याची जी उदार मुभा दिली आहे, ती मोटारवाहनांना लागू नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

डेटा किती लागतो याचा हिशेब सोपा आहे : पत्रे, नकाशे आणि संदेश यांना अत्यल्प, आणि चलच्चित्रांना अमर्याद. उत्तम प्रतीचा चित्रपट ताशी ३ जीबीपर्यंत खातो. म्हणून नकाशे आणि चित्रपट शहरात असतानाच उतरवून घ्यावेत. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील वाय-फायचाही या कामी उपयोग होतो. मुक्कामाच्या मैदानावरचे वाय-फाय मात्र रात्री सर्वांच्या वाट्याला थोडे थोडे येते, त्यावर विसंबू नये. उपग्रहाचा मार्ग आता खुला आहे. स्टारलिंकची तबकडी उघड्या माळावर उत्तम चालते, सूचिपर्णी झाडांच्या लागवडीखाली अडखळते, आणि वीज बरीच घेते. सर्वसाधारण तबकडी ७५ ते १०० वॅट ओढते. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निर्धोकपणे निम्मीच वीज काढावी हा नियम धरला, तर ती सहा ते आठ तासांत संपते.

याच गाडीने इंग्लिश खाडी ओलांडून युरोपात उतरावयाचे असेल तर कायदा बदलतो. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून देशोदेशी आपल्याच योजनेतील डेटा वापरण्याची सोय आहे, ती २०३२ पर्यंत वाढविलेली आहे, आणि नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन हेही तिच्यात आहेत. परंतु स्वित्झर्लंड त्यात नाही आणि ब्रिटनही आता नाही. बोडनसी सरोवराच्या जर्मन काठावर उभ्या असलेल्या फोनने पलीकडचा स्विस मनोरा पकडला, तर परक्या दराची आकारणी होऊ शकते. सरहद्दीवर आणि बोटीवर रोमिंग बंद ठेवावे. बोटीवरचा स्वतंत्र मनोरा उपग्रहाने जोडलेला असतो आणि त्याचे दर फार चढे असतात. भारतीय सिमचे रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे, ओटीपीसाठी ते फोनमध्ये राहू द्यावे, पण त्याचा डेटा बंद असावा.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२ हा क्रमांक त्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या कोणत्याही जाळ्यावरून लागतो. फक्त फोनमध्ये सिम असले पाहिजे. जेथे कोणाचीच रेंज नाही तेथे रस्त्याकडेची टेलिफोनची पेटी उपयोगी पडते, आणि चारांपैकी एखादे जरी जाळे जेथे पोचत नाही अशा ठिकाणच्या पेट्या काढून टाकण्यास ऑफकॉमने २०२२ मध्ये मज्जाव केला, हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. बोलणे टिकत नाही अशा क्षीण संकेतावरही लघुसंदेश जातो; परंतु ९९९ ला संदेश पाठविण्याची सोय आधी नोंदणी केलेल्यालाच मिळते. ब्रिटिश सिमवरून ९९९ या क्रमांकाला ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवावा आणि येणाऱ्या उत्तराला ‘येस’ असे कळवून पोच मिळेपर्यंत थांबावे. याला दोन मिनिटे लागतात. इन्व्हर्नेस सोडण्यापूर्वी गाडीतील प्रत्येकाने ही नोंदणी करून घ्यावी, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

पुढील लेखांकात गाडीची बॅटरी आणि छपरावरची सौरपट्टी यांचा विचार करू.