मिडीमध्ये नाव जात नाही, नंबर जातो



समजा, स्नेहसंमेलनासाठी एखाद्या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर धून तयार केली. घरी सनई छान वाजली. शाळेतल्या यंत्रावर तीच फाईल लावली, तर सनईच्या जागी घंटी किणकिणायला लागली! मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. धून मात्र बरोबर असते, गोंधळ असतो तो आवाजांच्या नंबरांचा. तो कसा होतो, ते आज समजून घेऊ.

साउंड मॉड्यूल म्हणजे काय?

साउंड मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला सिंथेसायझर. तो वाजवायचा दुसऱ्या कीबोर्डवरून किंवा संगणकावरून, आणि मधे जोडायची मिडीची केबल. मिडी १९८३ साली आलं. या केबलमधून आवाज जात नाही, सूचना जातात: अमुक स्वर इतक्या जोरात दाबला, आता तो सोडला.

मॉड्यूलमधल्या प्रत्येक तयार आवाजाला 'पॅच' म्हणतात. पॅच बदलायच्या सूचनेचं नाव 'प्रोग्राम चेंज'. या सूचनेत पॅचचं नाव नसतंच. असतो तो फक्त ० ते १२७ मधला एक नंबर. अगदी हजेरीपटासारखं बघा. 'नंबर १२' म्हटलं की त्या वर्गातला १२ नंबरचा मुलगा उभा राहतो. वर्ग बदलला तर नंबर तोच, पण मुलगा वेगळा!

सनईची घंटी का झाली?

सगळ्या यंत्रांत निदान एक यादी सारखी असावी म्हणून १९९१ मध्ये 'जनरल मिडी' ठरलं. त्यात १ नंबरला पियानो, ७४ ला बासरी (फ्लूट), १०५ ला सतार आणि ११२ ला आपली सनई आहे. तालवाद्यांसाठी १० नंबरचा चॅनल राखून ठेवलेला आहे.

पण इथे एक मेख आहे. यादी १ पासून मोजते आणि केबलमधून जाणारा नंबर ० पासून. म्हणजे सनईसाठी प्रत्यक्षात १११ जायला हवा. ० पासून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ११२ लिहिलं, तर यादीतला ११३ वा आवाज लागतो. ११३ वर आहे 'टिंकल बेल', म्हणजेच ती घंटी. सतारीचं याच कारणाने बँजो होतं.

काही यंत्रांची मोजणी आणखी निराळी. रोलँड डी-५० वर पॅच ११ ते १८, २१ ते २८ असे ८८ पर्यंत जातात. दिसायला मोठे आकडे, पण एकूण पॅच ८ × ८ = ६४ च.

मॉड्यूलची तुलना कशी करावी?

शाळेसाठी जुनं मॉड्यूल घेताना फक्त 'आवाज किती' हे विचारू नका. तीन उदाहरणं बघा.

• रोलँड एससी-५५ (१९९१): एका वेळी २४ आवाज, १६ भाग. जनरल मिडीच्या फाईलींसाठी सोपं.

• यामाहा एमयू८० (१९९४): ६४ आवाज, ३२ भाग. यामाहाची स्वतःची 'एक्सजी' पद्धत.

• रोलँड जेव्ही-१०८० (१९९४): ६४ आवाज, १६ भाग, वर जादा आवाजांच्या कार्डांसाठी ४ जागा. पण एका पॅचमध्ये ४ थर असू शकतात. तसा पॅच घेतला तर ६४ ÷ ४ = १६ स्वरच एकदम वाजतील.

१२८ पेक्षा जास्त पॅच असले की ते 'बँकां'मध्ये विभागलेले असतात. म्हणजे इयत्ता आधी, हजेरी नंबर नंतर. बँक सांगायला दोन आकडे लागतात, कंट्रोलर ० आणि कंट्रोलर ३२, आणि त्यानंतरच प्रोग्राम चेंज पाठवायचा. आवाजाचा उपप्रकार निवडताना रोलँडची 'जीएस' पद्धत पहिला आकडा वापरते, तर यामाहाची 'एक्सजी' पद्धत दुसरा. म्हणून एकासाठी केलेली फाईल दुसऱ्यावर वेगळी वाजू शकते.

नावांची वही ठेवा

१. प्रत्येक मॉड्यूलसाठी पाच रकाने आखा: बँकेचे दोन आकडे, यंत्रावर दिसणारा नंबर, केबलमधून जाणारा नंबर आणि नाव.

२. सिक्वेन्सर सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर हीच यादी भरा. केकवॉकमध्ये तिला 'इन्स्ट्रुमेंट डेफिनिशन' म्हणतात. मग मुलांना नंबराऐवजी नाव दिसतं.

३. मॉड्यूलच्या 'युजर' बँकेत कोणी नवा पॅच साठवला की वहीतली नोंद त्याच दिवशी बदला. सॉफ्टवेअरला हा बदल आपोआप कळत नाही.

४. जेव्ही-१०८० सारख्या यंत्रात साठवलेले पॅच आतल्या छोट्या बॅटरीवर टिकतात. ती संपली की मुलांनी केलेले आवाज गेले. म्हणून 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' डेटा संगणकावर उतरवून ठेवा. त्यात पॅचची नावंही येतात.

वर्गात करून बघा

मुलांना डी-५० चा ३५ नंबर द्या आणि तो ओळीने कितवा ते काढायला सांगा. (३ − १) × ८ + ५ = २१. केबलमधून मात्र २० जाईल. का, ते मुलांनाच सांगू द्या.