परीक्षा होईपर्यंत वाट पाहू नका

बारावीतली मुलगी अर्धी पोळी भाजीखाली लपवते, 'मेसमध्ये खाऊन आले' म्हणते, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. घरचे समजूत घालून घेतात, अभ्यासाचं टेन्शन आहे, परीक्षा झाली की येईल ताळ्यावर. पण अॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया या खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजारांची ही सुरुवात असेल, तर परीक्षेपर्यंत थांबणं धोक्याचं आहे, कारण उपासमार शरीराबरोबर मनही बदलते. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन जवळपास चौथाईने उतरलं आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. कुणी पाककृतींची पुस्तकं चाळत बसे, कुणी एकेक घास रेंगाळत चघळे. चिडचिड आणि खिन्नता तर रोजचीच. हे तरुण मनाने निरोगी म्हणून निवडलेले होते. तेव्हा आपल्याला जो मुलीचा हट्ट वाटतो, त्यातला बराच भाग भुकेनेच घडवलेला असतो, आणि महिने जातील तसा तो घट्ट बसतो. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाच्या १९८७च्या अभ्यासात कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा गुण ठळक दिसला, तो १८व्या वर्षापर्यंत आजार जडलेल्या आणि त्याला तीन वर्षं पूर्ण न झालेल्या रुग्णांमध्ये.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात हे सांगितलं तर कुणीही म्हणेल, ही श्रीमंत देशांची थेरं. पण फिजीच्या एका भागात १९९५मध्ये टीव्ही आला. तीनच वर्षांत शाळकरी मुलींपैकी ११ टक्के जणी वजनासाठी उलट्या काढत असल्याचं आढळलं, आधी अशी एकही नव्हती. आपल्या हाती तर मोबाइल आहे. 'आमच्याकडे उपवास असतातच' हा मुद्दा जास्त वजनदार आहे, कारण न जेवणं आपल्याकडे पुण्याचं मानतात. मात्र संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडतात, घरच्यांबरोबर, आवडीने. सोडायची वेळ आली की जिच्या पोटात गोळा येतो, तिचं दुखणं वेगळं आहे. ती 'जाड होईन' म्हणेलच असं नाही; आपल्याकडच्या कित्येक मुली 'भूकच नाही', 'पोट दुखतं' एवढंच सांगतात आणि मग वर्षभर पोटाच्याच तपासण्या चालतात. वजन ठीक दिसतं म्हणूनही निर्धास्त राहू नये. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फार खंगलेल्या मुलीला घरीच एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. त्यासाठी डॉक्टर हवेत. घाटी रुग्णालय शहरातच आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मराठीत बोलता येतं. मुलगी 'मला काही झालेलं नाही' म्हणेल. तरी आईवडिलांनी तिच्यासोबत जावं, आणि वजन, नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.