‘विद्यार्थी-खेळाडू’ : एक सामासिक संज्ञा आणि स्थलांतरित कुटुंब

एखाद्या संज्ञेचा कायद्यातील अर्थ आणि घरातील अर्थ ह्यांत किती अंतर पडू शकते, ह्याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाजगतात सापडते. तेथे खेळातील प्रावीण्याच्या बळावर महाविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्यांत स्थलांतरित कुटुंबांतील, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे तरुण असतात. अशा घरांत इंग्रजी कागद वाचून त्यांचा अर्थ वडीलधाऱ्यांना सांगणे हे काम बहुधा मुलांकडेच असते. ह्या व्यवहारास अभ्यासक ‘भाषिक मध्यस्थी’ म्हणतात. मार्जोरी ओरेयाना ह्यांचा २००९ मधील ग्रंथ ह्याच विषयाला वाहिलेला आहे. दवाखान्यातील किंवा भाड्याच्या कागदांत मूल इतरांचे व्यवहार सांगत असते. महाविद्यालयाच्या बाबतीत मात्र ते स्वतःविषयीच्याच कराराचे भाषांतर करीत असते.

‘पहिली पिढी’ हा शब्दच प्रथम घ्यावा. १९८० च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने आईवडिलांपैकी कोणीही पदवीधर नसलेल्या विद्यार्थ्यास ही संज्ञा लावली. स्थलांतराच्या अभ्यासात मात्र ‘पहिली पिढी’ म्हणजे सामान्यतः परदेशातून आलेली माणसे. म्हणजे अमेरिकेत जन्मलेला एकच मुलगा एका गणनेने पहिल्या आणि दुसऱ्या गणनेने दुसऱ्या पिढीचा ठरतो. एका मोजणीचा आरंभ बापापासून होतो, दुसरीचा मुलापासून.

परंतु खरी अडचण ‘विद्यार्थी-खेळाडू’ ह्या जोडशब्दात आहे. उत्तरपद प्रधान मानावे तर ह्या समासाने दर्शविलेली व्यक्ती मुळात खेळाडू होय, आणि ‘विद्यार्थी’ हे तिचे विशेषण. प्रत्यक्ष वापरात मात्र पूर्वपदालाच प्राधान्य दिले गेले, आणि तसे होण्यास सबळ कारण होते. १९५५ मध्ये कॉलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन ह्या तरुणाच्या डोक्यास मार लागला आणि तो मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाईच्या कायद्याखाली दावा केला. तत्पूर्वी, १९५३ मध्ये, त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या एका खेळाडूस कर्मचारी मानले होते. १९५७ मध्ये मात्र डेनिसनच्या विधवेचा दावा अमान्य झाला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची धुरा १९५१ पासून वाहणारे वॉल्टर बायर्स ह्यांनी १९९५ मधील आपल्या आठवणींत स्पष्टच सांगितले आहे, की खेळाडू नोकर ठरण्याच्या ह्या भीतीपोटीच ही संज्ञा घडविली गेली आणि सर्व नियमांत हेतुपुरस्सर पेरली गेली. शब्द समाजात रुळत रुळत तयार होतात असे मानण्याची भाषाभ्यासकांना सवय असते. हा शब्द मात्र विशिष्ट गरजेपोटी जाणूनबुजून बनविलेला आहे.

हा इतिहास स्थलांतरित घरात कोणासही ठाऊक नसतो; त्यातील प्रश्न मात्र तेथे आपोआप उभा राहतो. कॅलिफोर्नियातील मॅकफार्लंड हे शेतमजुरांचे गाव घ्यावे. प्रशिक्षक जिम व्हाइट ह्यांच्या शाळकरी धावपटूंच्या संघाने १९८७ मध्ये राज्यविजेतेपद मिळविले, त्यांतील बहुतेक मुले मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील होती. कित्येक मुले आईवडिलांबरोबर शेतात राबत, त्यांची मजुरी हा घरखर्चाचा भाग असे. अशा घरात खेळासाठी रोजचे काही तास जाऊ लागले म्हणजे हे काम की खेळ, असे वडिलांनी विचारणे अगदी स्वाभाविक आहे. कॉलोरॅडोच्या न्यायालयापुढील प्रश्न ह्याहून फारसा निराळा नव्हता. १९९१ पासून क्रीडासंघटनेने सरावास आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली आहे. तथापि त्यात प्रवासाचा वेळ धरला जात नाही, आणि सामना कितीही लांबला तरी त्याचे तीनच तास मोजले जातात.

‘शिष्यवृत्ती’ ह्या शब्दाचीही तीच गत. स्पॅनिशमधील ‘बेका’ काय किंवा मराठीतील ‘शिष्यवृत्ती’ काय, ऐकणाऱ्याच्या मनात शिक्षण पुरे होईपर्यंतची तजवीज उभी राहते. प्रत्यक्षात १९७३ मध्ये चार वर्षांच्या क्रीडाशिष्यवृत्तीची पद्धत मोडून दरवर्षी नूतनीकरण करावयाची एक वर्षाची पद्धत आली, आणि अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीस पुन्हा मुभा मिळण्यास २०१२ उजाडावे लागले. मधल्या काळात किती मुलांनी घरी नुसते ‘शिष्यवृत्ती मिळाली’ एवढेच सांगितले असेल! त्यांत लबाडी असण्याचे कारण नाही. ‘एका वर्षापुरती’ ही मर्यादा त्या एका शब्दात मावत नव्हती, आणि ती निराळी सांगायची तर आधी मुलास स्वतःस उमगलेली असावयास हवी.

२०२५ च्या जून महिन्यात संमत झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर महाविद्यालयांस आपल्या उत्पन्नाचा काही वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. मात्र त्यामुळे खेळाडू कर्मचारी ठरलेले नाहीत, आणि घरी समजावून सांगावयाच्या कागदांत आणखी एका कराराची भर पडली आहे. त्यापूर्वी १९६४ पासून ‘राष्ट्रीय इरादापत्र’ चालू होते. ते २०२४ मध्ये बंद करण्यात आले. खेळाडू २१ वर्षांखालील असल्यास त्या पत्रावर पालकाची सही आवश्यक असे. कायद्याची अपेक्षा अशी, की जाणत्या माणसाने वाचून, समजून संमती द्यावी. इंग्रजी न वाचणाऱ्या पालकाच्या बाबतीत त्या संमतीचा आधार म्हणजे समोर बसलेल्या मुलाने, ते पत्र मिळाल्याच्या आनंदात, स्वतःच केलेले तोंडी भाषांतर.