मुलींच्या सामन्याला आपण का नसतो?

अकोले तालुक्यात कॉलेजच्या मुलींचा फुटबॉलचा सामना असला की मैदानाच्या कडेला कोण असते? रिकामटेकडी पोरे आणि त्यांची शेरेबाजी. पाड्यावरून आलेल्या मुलीने चेंडू बघायचा की कान बंद करायचे?

आम्ही वकील, म्हणून सांगतो. घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याच रांगेत सरकारी पैशावरची सार्वजनिक ठिकाणे आहेत. तिथे जातीवरून तसे लिंगावरूनही कोणाला अडवता येत नाही. फाटकावर कोणी अडवत नाही, हे खरे. शेरेबाजी अडवते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर बाबासाहेब एकटे गेले नव्हते. सोबत हजारो होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम खच्चून भरले होते. इथे विहारातल्या महिला मंडळाने पुढच्या सामन्याला सगळ्यात पुढे बसावे, घसा बसेपर्यंत ओरडावे. चहा आमच्याकडे.