संवादी संगणक-चलच्चित्राचे तबकडीवरील रूपांतर

वर्गात दाखवावयाच्या चलच्चित्रांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार चित्रपटाचा. त्यातील चित्रांचा क्रम एकदा बांधला, की तो बदलत नाही. पाहणारा असो वा नसो, चित्रे पुढे सरकतच राहतात. दुसरा प्रकार संवादी चलच्चित्राचा. ते ठरावीक ठिकाणी थांबते, विद्यार्थ्याच्या कृतीची वाट पाहते आणि त्या कृतीप्रमाणे पुढील चित्र दाखविते. तराजूच्या पाठात विद्यार्थी वजन उचलून पारड्यात ठेवतो. वजन कमी पडले तर पारडे वरच राहते, अधिक झाले तर खाली जाते. हा दुसरा प्रकार पहिल्या प्रकारात उतरवून तबकडीवर घ्यावयाचा झाल्यास काय करावे लागते, त्यात काय टिकते आणि काय गमावते, याचे विवेचन येथे केले आहे. जुनी शैक्षणिक साधने हाताळणाऱ्या शिक्षकांस ते उपयोगी पडावे.

१. मूळ साधनाचे स्वरूप

अशा चलच्चित्रांसाठी अनेक वर्षे सर्वाधिक प्रचारात असलेले साधन म्हणजे फ्लॅश. १९९६ साली ते फ्यूचरस्प्लॅश या नावाने निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया या अमेरिकन कंपनीने ते घेतले व त्यास फ्लॅश हे नाव दिले. २००५ साली ती कंपनी अडोबीकडे गेली.

फ्लॅशच्या फाईलमध्ये बहुधा तयार चित्रे नसतात. चित्र कसे काढावे याच्या सूचना असतात. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढा, आत तांबडा रंग भरा, अशा त्या सूचना होत. संगणक त्या वाचतो व त्या क्षणी चित्र काढून दाखवितो. त्यामुळे फाईल लहान राहते आणि चित्र कितीही मोठे केले तरी रेषा फाटत नाही. शिवाय विद्यार्थ्याने कळ दाबल्यास काय करावे, याच्याही आज्ञा तीत असतात. उलट, ध्वनिचित्रफितीत केवळ तयार चित्रांची रांग असते. एक म्हणजे स्वयंपाकाची कृती आणि दुसरे म्हणजे वाढलेले ताट, असा हा भेद आहे. ताटावरून कृती परत मिळत नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

२. चौकटी आणि वेग

भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर दर सेकंदास २५ चौकटी असतात. अमेरिकेतील पद्धतीत त्या सुमारे ३० असतात. फ्लॅशची जुनी चलच्चित्रे मात्र पुष्कळदा सेकंदास १२ चौकटींच्या वेगाने केलेली असत. १२ च्या २५ करताना प्रत्येक चौकट दोनदा घेतली तरी २४ च होतात. एक चौकट तिसऱ्यांदा घालावी लागते व तेथे सूक्ष्म अडखळ जाणवते. म्हणून तबकडी काढावयाची हे आधीच ठाऊक असेल, तर मूळ काम २५ चौकटींवरच बेतणे श्रेयस्कर.

पडद्यावर चाललेले चलच्चित्र जसेच्या तसे टिपून घेणे हा मार्ग सोपा दिसतो, परंतु तो बेभरवशाचा आहे. संगणक मंद असल्यास ध्वनीशी मेळ राखण्यासाठी फ्लॅश मधल्या चौकटी गाळते, आणि ती गळती फितीत कायमची उतरते. त्यापेक्षा प्रत्येक चौकट क्रमांक देऊन स्वतंत्र चित्र म्हणून काढावी व नंतर सर्व चित्रे ओवावीत. एका मिनिटाच्या पाठास १,५०० चित्रे होतात. वेळ लागतो, पण एकही चौकट हरवत नाही.

येथे आणखी एक अडचण उद्भवते. फ्लॅशमध्ये मोठ्या चलच्चित्राच्या पोटात लहान चलच्चित्रे बसविता येतात व प्रत्येकाचे घड्याळ निराळे असते. जुन्या आवृत्त्यांतून चौकटी काढताना केवळ मुख्य घड्याळ पुढे सरकत असे. पोटातील पाणचक्की अथवा उडता पक्षी पहिल्याच चित्रावर गोठून जाई. ही लहान चलच्चित्रे मुख्य क्रमास जोडून घेतल्यावरच काम नीट होई.

३. पडदा, रंग आणि ध्वनी

पाल डीव्हीडीचे चित्र ७२० बिंदू रुंद व ५७६ बिंदू उंच असते. परंतु ते बिंदू चौरस नसतात. संगणकावर याच मापात काढलेले वर्तुळ दूरचित्रवाणीच्या रूढ ४:३ पडद्यावर आडवे फुगलेले दिसते. यासाठी मूळ चित्र ७६८ × ५७६ या मापात काढून नंतर रुंदी ७२० पर्यंत आक्रसतात. पडद्यावर ते पूर्ववत् होते. भूमितीच्या पाठात ही काळजी न घेतल्यास साधन स्वतःच चुकीचे शिकवील.

नळीच्या जुन्या संचांवर चित्राच्या कडा झाकल्या जात. म्हणून अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवण्याचा प्रघात पडला. एका बिंदूच्या जाडीची आडवी रेषा अशा संचावर थरथरते, तेव्हा रेषा जाड करावी. संगणकावरील भडक तांबडा रंग फितीत कडेने पसरतो, तेव्हा तो किंचित सौम्य करावा. ध्वनीही डीव्हीडीच्या रीतीस अनुसरून सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या मापात बदलून घ्यावा लागतो.

एकेरी थराच्या तबकडीवर ४.७ अब्ज अक्षरके मावतात. चित्र व ध्वनी मिळून सेकंदास ६० लाख द्विमानांक खर्ची पडत असतील, तर सुमारे पावणेदोन तासांचा मजकूर बसतो. शालेय पाठांस ही जागा विपुल आहे. खरी अडचण जागेची नसून संवादाची आहे.

४. संवादाचे काय होते?

अमेरिकेतील अटलांटा येथील माइक व मॅट चॅपमन या बंधूंनी २००० साली ‘होमस्टार रनर’ हे विनोदी चलच्चित्रांचे संकेतस्थळ सुरू केले. त्यातील एका पत्रोत्तर-मालिकेत गोष्ट संपल्यावर पडद्यावरील एखाद्या शब्दावर वा वस्तूवर कळ दाबली असता दडवून ठेवलेला लहानसा प्रसंग उघडे. तो शोधून काढण्यातच प्रेक्षकांस मोठी मौज वाटे. २००४ साली या मालिकेचे पहिले शंभर भाग डीव्हीडीवर निघाले. सलग चालणाऱ्या फितीत असा प्रसंग गोष्टीस जोडावा तर शोधाचा आनंद जातो. वगळावा तर प्रसंगच जातो. संवादी कामाच्या प्रत्येक रूपांतरात हाच पेच उभा राहतो.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, एकच वाट निवडून सलग फीत करणे. दुसरा, प्रत्येक उत्तराची फीत निराळी करून त्या तबकडीवरील निवडसूचीने जोडणे. डीव्हीडीच्या एका सूचीत ३६ पर्यंत कळी ठेवता येतात व गुण मोजण्यापुरती अल्प स्मृतीही तिच्या यंत्रास असते. पाच प्रश्न व प्रत्येकी तीन पर्याय असल्यास उत्तरांच्या एकूण वाटा २४३ होतात. परंतु प्रत्येक उत्तरानंतर मूळ प्रवाहाकडे परत आणल्यास केवळ १५ लहान फितींत काम भागते. वजन ओढून पारड्यात ठेवणे मात्र यात साधत नाही. ‘एक, दोन की तीन वजने?’ असा प्रश्न घालूनच ते उतरवावे लागते.

तिसरा उपाय सर्वांत साधा, आणि शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. कळ दाबली जाईपर्यंत एकाच चित्रावर स्तब्ध राहण्याची सोय डीव्हीडीत असते. मूळ चलच्चित्र जेथे विद्यार्थ्याची वाट पाहत असे, तेथे फीत थांबू द्यावी. मग ते थांबणे शिक्षकाच्या स्वाधीन होते. सलग फितीत वजने आपोआप ठेवली जातात, पारडी समान होतात आणि विद्यार्थ्यास चुकण्याची संधीच मिळत नाही. वस्तुतः ती चूक हाच त्या पाठाचा गाभा होता. थांबलेल्या चित्रासमोर शिक्षकाने प्रश्न विचारला, चार मुलांनी चार उत्तरे दिली, एखाद्याने खरा तराजू पुढे ओढला, तर यंत्राने सोडलेला संवाद वर्ग पुन्हा हाती घेतो.

५. मूळ फाईल जपावी

३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश चालविणाऱ्या साधनाचा पाठिंबा थांबविला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातून फायली चालणेही बंद केले. ज्या पाठांच्या फिती निघाल्या होत्या ते पाहता येत राहिले; ज्यांच्या निघाल्या नव्हत्या ते अनेक ठिकाणी मुके झाले. यावरून फीत हीच काय ती सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. रफल नावाचे मुक्त साधन पुष्कळ जुन्या फ्लॅश-फायली पुन्हा चालविते, आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या साहाय्याने असा संग्रह खुला केला. ज्यांनी मूळ फायली टाकून दिल्या नव्हत्या, त्यांचे पाठ संवादासह परत आले.

तात्पर्य, शाळेच्या कपाटात जुनी शैक्षणिक तबकडी आढळल्यास ती निरुपयोगी म्हणून टाकू नये. तीवरील फायलींची प्रत करून ठेवावी. फीत करावयाची झाल्यास मूळ प्रत तिच्यासोबत जपावी. आणि पाठ कोठे थांबत असे, त्या जागांची टीप कागदावर लिहून तबकडीच्या वेष्टनात ठेवावी. पुढे जो शिक्षक ती लावील, त्यास चित्रे तबकडीतून मिळतील; परंतु मुलांस कोठे विचार करू द्यावयाचा, हे त्या टिपणावरूनच कळेल.