हेल, हसू आणि हक्क : ब्रिटनमधील दक्षिण आशियाई विनोदाचा प्रवास

स्थलांतरितांच्या आयुष्यातील विनोद बहुधा बोलण्यातून जन्मतो. नव्या देशात स्थिरावलेल्या माणसाचा पोशाख बदलतो, जेवणाच्या वेळा बदलतात, सणांच्या सुट्ट्या बदलतात. परंतु लहानपणी जिभेला लागलेले वळण सहसा सुटत नाही आणि त्यामुळे त्याने तोंड उघडताच तो कुठून आला आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. बोलण्यातील या वळणाला मराठीत ‘हेल’ म्हणतात आणि इंग्रजीतून आलेला ‘ॲक्सेंट’ हा शब्दही आता सर्रास वापरला जातो. परक्या हेलावर हसणे ही जगभर आढळणारी गोष्ट असली, तरी त्या हसण्याचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. कोण बोलतो, कोण हसतो आणि ज्याच्यावर हसले जाते त्याला उलट बोलण्याची संधी मिळते की नाही, यावर तो अर्थ ठरतो. ब्रिटनमध्ये 1960 ते 2000 या चाळीस वर्षांत दक्षिण आशियाई माणसाविषयीचा विनोद ज्या रीतीने बदलत गेला, त्यातून ही गोष्ट फार स्पष्टपणे समजून घेता येते.

हेल कानाला का खटकतो

प्रत्येक भाषा मानवी मुखातून निघू शकणाऱ्या असंख्य ध्वनींपैकी मोजकेच ध्वनी निवडते आणि त्या भाषेत वाढणाऱ्या मुलाचा कान तेवढ्याच ध्वनींमधला फरक टिपण्यात तरबेज होतो. इंग्रजीतील ट आणि ड हे ध्वनी जिभेचे टोक वरच्या दातांमागील हिरडीला टेकवून काढले जातात, तर मराठी, हिंदी किंवा पंजाबी भाषक जीभ मागे वळवून मूर्धन्य ट आणि ड उच्चारतो, म्हणून भारतीय माणसाचे इंग्रजी इंग्रजांच्या कानाला जड आणि ठाशीव वाटते. दात ओठावर टेकवून काढायचा एक आणि ओठांचा चंबू करून काढायचा दुसरा, असे दोन वेगळे ध्वनी इंग्रजी बोलणारा पाळतो. बहुतेक भारतीय भाषांमध्ये त्या दोहोंच्या जागी एकच ‘व’ असतो, त्यामुळे हा फरक भारतीय तोंडात पुसला जातो. शब्दाच्या आरंभी येणारा ‘प’ इंग्रज माणूस थोडा श्वास सोडून, ‘फ’च्या जवळ नेऊन उच्चारतो, आणि भारतीय माणसाचा कोरडा ‘प’ त्याला कित्येकदा ‘ब’ असल्यासारखा ऐकू येतो.

ध्वनींपेक्षाही मोठा फरक ठेक्याचा असतो. इंग्रजी वाक्याची लय आघातांवर, म्हणजे ठरावीक अक्षरावर दिलेल्या जोरावर उभी असते आणि आघात नसलेली अक्षरे घाईने, जवळजवळ गिळून बोलली जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अक्षरावर असलेला जोर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि त्यासोबत स्वरही बदलतात. भारतीय भाषांमध्ये अक्षरे तुलनेने सारख्या मापाने उच्चारली जातात, त्यामुळे भारतीय इंग्रजी सपाट चालीत नव्हे, तर वेगळ्याच तालात चालते. हा ताल अज्ञानाचे लक्षण नसून एका पूर्ण, नियमबद्ध व्यवस्थेची दुसऱ्या व्यवस्थेवर पडलेली छाया आहे, हे भाषाविज्ञानाने दाखवून दिलेले सत्य सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचणे फार आवश्यक आहे, कारण हेलाची बुद्धीशी सांगड घालण्याची सवय अजून सुटलेली नाही. लहान वयात परदेशी गेलेली किंवा तिथेच जन्मलेली मुले मात्र शाळेतील सवंगड्यांचा हेल सहज उचलतात. परिणामी स्थलांतरितांच्या एकाच घरात आजीचा, वडिलांचा आणि नातवाचा असे तीन वेगवेगळे हेल नांदू लागतात आणि घरातल्या साध्या संवादातही विनोदाच्या जागा आपोआप तयार होतात.

हसण्याची दोन मुळे

तत्त्वज्ञांनी हसण्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. सतराव्या शतकातील इंग्लिश विचारवंत थॉमस हॉब्ज याच्या मते दुसऱ्याचे उणेपण पाहून स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जी अकस्मात जाणीव होते, तिच्यातून हसू उमटते. याला श्रेष्ठत्वाचा सिद्धांत म्हणतात. इमॅन्युएल कांट याने मात्र अपेक्षाभंगावर बोट ठेवले, आणि पुढे त्यातून विसंगतीचा सिद्धांत विकसित झाला, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी अचानक समोरासमोर आल्या की हसू येते, असे मानणारा विचार. परक्या हेलावरचे हसू या दोन्ही मुळांतून येऊ शकते. यजमान समाजातील माणूस पाहुण्याच्या इंग्रजीला हसतो तेव्हा बहुधा पहिले मूळ काम करत असते. स्थलांतरित माणसे आपसात दोन जगांतील विसंगतीवर हसतात तेव्हा दुसरे.

मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 मध्ये मांडलेली ‘थट्टेच्या नात्यां’ची कल्पना येथे आणखी प्रकाश टाकते. अनेक समाजांत काही नात्यांमध्ये एकमेकांची चेष्टा करण्याची मुभा असते आणि ती चेष्टा कोणी मनाला लावून घ्यायची नसते, असे त्यांनी दाखवले. दीर-वहिनी किंवा मेहुणा-मेहुणी यांच्यातील थट्टामस्करी मराठी घरांना परिचयाची आहे, आणि तीच चेष्टा एखाद्या तिऱ्हाइताने केली तर ती अपमान ठरते, हेही प्रत्येक घर जाणते. थट्टेचा हक्क नात्यातून मिळतो आणि तो परस्परांचा असावा लागतो, हे सूत्र स्थलांतरितांच्या विनोदालाही तंतोतंत लागू पडते.

उसन्या तोंडून बोललेला भारतीय

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मनुष्यबळाची गरज होती आणि 1948 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने साम्राज्यातील व राष्ट्रकुलातील नागरिकांना तिथे येऊन राहण्याचा हक्क मान्य केला होता. पंजाब, गुजरात, सिल्हेट, मीरपूर अशा प्रदेशांतून माणसे कारखान्यांत, गिरण्यांत आणि रुग्णालयांत कामाला गेली. 1962 च्या कायद्याने या प्रवाहावर निर्बंध आले, तरी पुढे केनिया सोडावे लागलेले आणि 1972 मध्ये युगांडातून हाकलले गेलेले भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये पोहोचले. ही माणसे रस्त्यावर, दुकानांत आणि बसमध्ये दिसू लागली होती, परंतु पडद्यावर त्यांच्या वतीने दुसरेच कोणी बोलत होते.

1960 च्या ‘द मिलियनेअरेस’ या चित्रपटात लंडनमधील भारतीय डॉक्टरची भूमिका पीटर सेलर्स या इंग्रज विनोदी नटाने केली आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी सोफिया लॉरेनसोबत त्याने ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे गाणे भारतीय हेलात ध्वनिमुद्रित केले. ते गाणे कमालीचे लोकप्रिय झाले आणि त्यातील अनुकरणाची ढब ब्रिटनमधील भारतीय मुलांना शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षे ऐकावी लागली. 1974 ते 1981 या काळात बीबीसीवर चाललेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, कारण तिचे आरंभीचे कथानक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखान्याच्या छावणीत घडते. त्यातील रंगी राम हे भारतीय पात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग लावून उभे केले; बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना उर्दू उत्तम येत होती, तरीही त्या पात्रासाठी भारतीय नट घेतला गेला नाही.

1977 मध्ये सुरू झालेल्या ‘माइंड युवर लँग्वेज’ या मालिकेत लंडनमधील इंग्रजीचा प्रौढ वर्ग दाखवला होता. तिथे दक्षिण आशियाई पात्रांसाठी त्याच मुळाचे कलावंत होते, मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या देशाविषयीच्या एखाद्या ठरीव समजुतीत बसवले होते. अशा ठरीव, साचेबंद प्रतिमेला ‘स्टिरिओटाइप’ म्हणतात आणि तिच्यात माणूस नाहीसा होऊन त्याचा केवळ नमुना उरतो. प्रेक्षकसंख्या चांगली असूनही याच कारणासाठी वाहिनीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांनी 1979 मध्ये ती मालिका बंद केली. त्याच कल्पनेवर दूरदर्शनने 1993 मध्ये पंकज कपूर यांना शिक्षकाच्या भूमिकेत घेऊन ‘जबान संभाल के’ ही मालिका आणली, जिच्यात शुभा खोटे आणि विजू खोटे या मराठी भावंडांच्याही भूमिका होत्या. हिंदी शिकणाऱ्या वर्गात आल्यावर तमिळ, गुजराती, मराठी माणसांइतकाच इंग्रजी बोलणाराही अडखळू लागला, आणि शिकवणाऱ्या भाषेचे आसन बदलताच हास्यास्पद ठरणारा माणूसही बदलतो, हे भारतीय प्रेक्षकाने पाहिले.

बोलणारे बदलले

ब्रिटनमध्ये खरा पालट 1990 च्या दशकात झाला. ज्या गाण्याने एका पिढीला चिडवले गेले होते, त्याचेच नाव घेऊन ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा कार्यक्रम 1996 मध्ये बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’वर आणि 1998 मध्ये दूरचित्रवाणीवर आला. त्यातील चार प्रमुख कलावंतांपैकी मीरा स्याल आणि संजीव भास्कर इंग्लंडमध्ये जन्मलेले, कुलविंदर घीर नैरोबीत जन्मलेले आणि नीना वाडिया मुंबईत जन्मलेल्या. म्हणजे दक्षिण आशियाई स्थलांतराच्या वेगवेगळ्या वाटा त्या चौघांतच एकवटल्या होत्या. आईवडिलांचा हेल आणि शाळेचा हेल हे दोन्ही त्यांना अवगत असल्यामुळे हेल हा त्यांच्यासाठी व्यंग नव्हता, तर पात्र उभे करण्याचे साधन होता.

या कार्यक्रमातील सर्वांत गाजलेल्या प्रवेशात काही भारतीय मित्र रात्री मौजमजा करून मुंबईतील एका इंग्लिश खानावळीत शिरतात, गोऱ्या वेटरच्या नावाचा वाटेल तसा उच्चार करतात, यादीतला सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागवून मर्दुमकी गाजवतात आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त बटाट्याच्या चिप्स मागवतात. मद्यपानानंतर भारतीय रेस्तराँत जाऊन सर्वांत तिखट पदार्थ मागवायचा आणि वेटरची खिल्ली उडवायची, ही ब्रिटनमधील अनेकांची सवय येथे शब्दशः उलटी करून दाखवली होती. त्या भारतीय म्हणवल्या जाणाऱ्या रेस्तराँपैकी बहुतांश सिल्हेटमधून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या थट्टेमागचे अज्ञान किती खोल होते हे कळते. भूमिकांची अदलाबदल झाल्यामुळे इंग्रज प्रेक्षकाला स्वतःचे वागणे प्रथमच बाहेरून दिसले, आणि तरीही त्यात सूड नव्हता, म्हणून तोही मनापासून हसला.

कार्यक्रमाने स्वकीयांनाही सोडले नाही. जगातील प्रत्येक गोष्ट मूळची भारतीयच असे ठासून सांगणारा बाप, मुलांच्या यशावरून एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या आया, आणि कपूर हे आडनाव ‘कूपर’ असे सांगत आपण अस्सल इंग्रज असल्याचा आव आणणारी कुटुंबे त्यात आली. ही पात्रे अतिरंजित असली तरी त्यांच्यामागची भीती खरी होती : आपली ओळख पुसली जाईल ही एकाची भीती आणि आपली ओळख कधीच पुसली जाणार नाही ही दुसऱ्याची. पुढे 2001 मध्ये आलेल्या ‘द कुमार्स ॲट नंबर 42’ या मालिकेत वेम्ब्लीतील एका भारतीय कुटुंबाने परसात मुलासाठी मुलाखतीचा स्टुडिओ बांधला आहे, अशी कल्पना होती. खऱ्याखुऱ्या नामवंत पाहुण्यांना मुलाखतकारासोबत त्याच्या आईवडिलांच्या आणि मीरा स्याल यांनी रंगवलेल्या आजीच्या खाजगी प्रश्नांनाही तोंड द्यावे लागे. पाहुण्याची कमाई, लग्न, मुलेबाळे यांची चौकशी करणे हे दक्षिण आशियाई घरात आपुलकीचे, तर इंग्रज रीतीत आगाऊपणाचे मानले जाते. त्या दोन शिष्टाचारांच्या घर्षणातून मालिकेचा विनोद घडत होता आणि त्यात अवघडलेला माणूस आता स्थलांतरित नव्हता, पाहुणा होता.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक उशिरा ऐरणीवर आला. ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेतील अपू हा भारतीय दुकानदार 1990 पासून हँक अझारिया या गोऱ्या कलावंताच्या आवाजात बोलत होता. भारतीय वंशाचे विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी 2017 च्या माहितीपटातून त्यावर आक्षेप नोंदवल्यानंतर वाद पेटला आणि 2020 मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली. अपू कष्टाळू आणि प्रेमळ होता, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु अनेक वर्षे अमेरिकी दूरचित्रवाणीवर ठळकपणे दिसणारा भारतीय जवळजवळ तो एकटाच असल्यामुळे त्याचा उसना हेल प्रत्येक भारतीय मुलाच्या माथी मारला गेला, हे दुःख अधिक खरे होते.

मराठी रंगभूमीचा धडा

मराठी समाजाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1932 मधली आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची 1981 मधली. अशा मंडळांच्या गणेशोत्सवांत परदेशस्थ मराठी माणसे आपल्याच फजितीवर प्रहसने बसवतात, आणि आग्रहावाचून वाढून न घेण्याची मराठी सवय जिथे एकदाच विचारतात अशा घरात माणसाला कशी उपाशी ठेवते, यासारख्या विषयांवरचे ते हसू थट्टेच्या नात्यात बसणारे असते. मात्र घरच्या रंगभूमीवर मालवणी बोली दीर्घकाळ गडीमाणसांच्या तोंडी हशा पिकवण्यापुरती वापरली गेली, आणि तिचे चित्र पालटण्यासाठी 1980 साली रंगभूमीवर आलेले गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ यावे लागले. मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेल्या त्या नाटकात बोली तीच होती आणि हशाही तितकाच होता. फरक एवढाच की आता मालवणी माणूस नाटकाचा कर्ता होता.

मुंबई-पुण्यात आज दक्षिणेचे, बिहारचे, ईशान्येचे हेल रोज कानांवर पडतात आणि विनोदी कार्यक्रमांत त्यांची नक्कल सहज होते. त्या नकलेवर बंदी घालून काहीच साधणार नाही, कारण हसण्यावाचून शेजारीपण टिकत नाही. परंतु ज्या मंचावरून नक्कल होते, त्याच मंचावर त्या माणसालाही आपल्या तोंडाने बोलता यावे आणि मराठी माणसाची नक्कल करता यावी, एवढी अट प्रत्येक विनोदी लेखकाने स्वतःवर घालून घेतली पाहिजे. ब्रिटनमधील एका पिढीने ही अट चाळीस वर्षांच्या झगड्यातून मिळवली. मराठी रंगमंचाला ती स्वेच्छेने पाळता येईल.